पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर

मनाली सोडून अटल बोगद्यातून लाहौलच्या खोऱ्यात उतरले, की चंद्रा आणि भागा या नद्यांच्या संगमाशी तांदी लागते. तिथल्या पेट्रोल पंपाजवळची पाटी लडाखला गेलेल्या बहुतेक मोटारसायकलस्वारांच्या फोटोंत सापडते. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे, एवढेच ती सांगते. तिच्यापुढे बारालाचा ला, नकी ला, लाचुंग ला, तांगलांग ला अशा खिंडी आहेत, सरचू आणि पांगचे तंबू आहेत, मोरे मैदानाची धूळ आहे. उन्हाळ्याच्या मोसमात इथे थांबून टाकी फुल करणाऱ्यांत पुण्या-मुंबईच्या नंबरांच्या गाड्या हमखास दिसतात.

गावात असताना ॲव्हरेजचा विचार आपण खिशाच्या हिशेबाने करतो. तांदीला तो पोहोचण्याच्या हिशेबाने करावा लागतो. गणित साधे भागाकाराचे आहे. हीरोच्या एक्सपल्स २०० ची टाकी १३ लिटरची. ३६५ ला १३ ने भागले की २८ येतात, म्हणजे लिटरला २८ च्या खाली आलेली एक्सपल्स भरल्या टाकीवर लेह गाठणार नाही. रॉयल एनफिल्डची जुनी ४११ सीसीची हिमालयन १५ लिटर घेते, तिला लिटरमागे सव्वाचोवीसच्या वर राहावे लागते. २०२३ च्या नोव्हेंबरात गोव्यातल्या मोटोव्हर्समध्ये बाजारात आलेल्या नव्या हिमालयन ४५० ची टाकी १७ लिटरची आहे. तिला साडेएकवीस पुरतात.

आता या गाड्या चालवणाऱ्यांना विचारा, किती देते? एक्सपल्सवाले साधारण पस्तीस ते चाळीस सांगतात, जुन्या हिमालयनवाले तीसच्या आसपास, नव्या हिमालयनवाले पंचवीस ते तीस. कागदावर तिघेही आरामात पास. तरीही या वाटेवर जाणारे जाणते लोक जादा पेट्रोल बांधून नेतात आणि ते बरोबर करतात. कारण लोक सांगतात तो आकडा ज्या रस्त्यावर मिळाला, तो रस्ता तांदीच्या पुढे नसतो. ॲव्हरेज एकट्या गाडीवर ठरत नाही. रस्ता, वेग, वारा, ओझे आणि चालवणाऱ्याचे मनगट यांचा तो मिळून झालेला हिशेब असतो. ड्युअल-स्पोर्ट गाडी तर एकाच दिवसात डांबर, माती, नदीपात्र आणि घाट तुडवते. म्हणून अशा गाडीला एक आकडा पुरत नाही. तिच्या मालकाकडे प्रत्येक जातीच्या रस्त्याचा वेगळा आकडा हवा, आणि लांबच्या वाटेचा बेत त्यातल्या सर्वांत वाईट आकड्यावर आखायला हवा. या लेखात मला सांगायचे आहे ते एवढेच.

ही गाडी जास्त का पिते

रस्त्यावर आणि रस्त्याबाहेर सारखीच चालेल अशी गाडी मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा खपवली ती यामाहाने, १९६८ च्या डीटी-१ मधून. आपल्याकडे तो प्रयत्न २०११ मध्ये हीरो इम्पल्सने केला. तेव्हा गिऱ्हाईक तयार नव्हते आणि काही वर्षांत ती बंद पडली. २०१६ मध्ये हिमालयन आली, २०१९ मध्ये एक्सपल्स आली, आणि मधल्या काळात आडवाटेला जाणारी एक पिढीच तयार झाली.

या गाड्यांची ठेवणच पेट्रोलच्या विरोधात आहे. सीट उंच, हँडल रुंद, बसणारा ताठ. पुढचे चाक २१ इंची, खाली २२० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स. दगडधोंड्यांत हे सगळे देवासारखे धावून येते. पण हायवेवर हेच रुंद हँडल आणि हीच ताठ छाती वाऱ्याला आडवी होते. टायर मातीसाठी खोल खाचांचे असतात आणि डांबरावर जास्त घासतात. गिअरिंग चढावर दम टिकावा म्हणून आखूड ठेवलेले असते, त्यामुळे सरळ रस्त्यावर इंजिन गरजेपेक्षा जास्त फिरते. एक्सपल्स २०० ला पाचच गिअर आहेत. हायवेवर तिला ताणणारे सगळेच मनातल्या मनात सहावा गिअर शोधत असतात.

वाऱ्याचा हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० वरून १०० वर गेलात तर वेग पावणेदोन पटसुद्धा होत नाही, पण वाऱ्याचा रेटा जवळजवळ २.८ पट होतो. ८० वरून १०० वर गेलात तरी तो दीडपटीहून जास्त वाढतो. पेट्रोल नेमके त्याच पटीत वाढत नाही, कारण जोर लावून चालणारे इंजिन तेच पेट्रोल जरा अधिक काटकसरीने वापरते. तरी पुणे-बेंगळुरू हायवेवर जी गाडी ऐंशीने जाताना मालकाला खूश करते, तीच शंभरने जाताना टाकीचा काटा डोळ्यांदेखत खाली आणते. त्यात दोन्ही बाजूंना पेट्यांसारखे पॅनिअर लावले की वाऱ्याला धरायला आणखी जागा मिळते. सपाटीवर सामानाच्या वजनापेक्षा त्याची रुंदी महाग पडते.

टेकडीवरचा आकडा

कंपन्यांच्या जाहिरातींतला आकडा खोटा असतो असे सर्रास म्हटले जाते. ते अन्यायाचे आहे. तो आकडा खराच असतो, पण वेगळ्याच प्रवासाचा असतो.

पुण्यात वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही संस्था आहे. १९६६ मध्ये ती स्थापन झाली. देशातल्या वाहनांना मान्यता देणाऱ्या प्रमुख चाचणी संस्थांपैकी ती एक. प्रदूषण आणि इंधन यांची चाचणी रस्त्यावर होत नाही, बंद खोलीत रोलरवर होते. गाडीचे चाक रोलरवर फिरते, समोरून पंखा वारा घालतो, आणि चालवणारा पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग कमी-जास्त करतो. पूर्वी त्यासाठी इंडियन ड्रायव्हिंग सायकल वापरत. तिच्यात वेग ताशी ४२ किलोमीटरच्या वर जातच नसे. आता दुचाकींसाठी डब्ल्यूएमटीसी ही जागतिक पद्धत आहे. ती जास्त वास्तव आहे, तिच्यात वेगाचे टप्पे आहेत. पण तिथेही खंबाटकीचा चढ नाही, ताम्हिणीतला पाऊस नाही, मागे बसलेले माणूस नाही, आणि समोरून येणारा कोकणचा वारा तर नाहीच.

ही चाचणी दोन गाड्यांची तुलना करायला उत्तम आहे. सगळ्यांना एकच पेपर, एकच वेळ. मात्र त्या आकड्यावर जर कोणी बामणोली-तापोळ्याच्या मागच्या रस्त्याचा किंवा तांदी-लेहचा बेत केला, तर दोष चाचणीला देता येणार नाही.

माती, चढ आणि उतार

कच्च्या रस्त्यावर वेग कमी असतो, म्हणजे वारा छळत नाही. मग ॲव्हरेज का पडते? कारण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन भरपूर फिरते आणि गाडी थोडीच पुढे सरकते. इंजिनाला स्वतःला फिरत ठेवायलाही पेट्रोल लागते, आणि किलोमीटर न कापता गेलेले प्रत्येक मिनिट त्या खात्यात जमा होते. वाळूत आणि चिखलात चाक जागच्या जागी फिरते. हाफ क्लचवर दगड चढवताना ताकद उष्णता होऊन जाते. गाडी आडवी झाली, उचलली, पुन्हा चालू केली, फोटो काढायला चालूच ठेवली, हे सगळे त्यातच आले.

चढाची किंमत मात्र लोक समजतात त्यापेक्षा कमी असते. गाडी, माणूस आणि सामान मिळून ३०० किलो धरा. एवढे वजन १००० मीटर वर न्यायला लागणारी ऊर्जा, इंजिनाची कार्यक्षमता पाव धरून मोजली, तर एक तृतीयांश लिटरपेक्षा थोडी जास्त भरते. तांदीपासून लेहपर्यंतच्या सगळ्या चढांची बेरीज चारेक हजार मीटर होते. म्हणजे चार खिंडी चढायला निव्वळ उंचीपोटी दीड लिटरच्या आसपास पेट्रोल जाते, आणि त्यातले काही उतारावर परत मिळते.

उताराबद्दल मात्र एक जुनी खोड सोडायला हवी. घाट उतरताना पेट्रोल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रलला टाकणारे, चक्क बंद करून सोडून देणारे लोक आजही दिसतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला आणि इंजेक्शन आले. अशा बहुतेक गाड्यांत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, की इंजेक्टर पेट्रोल देणे थांबवतो आणि इंजिन चाकाच्या ओढीने फिरत राहते. न्यूट्रलला टाकल्यावर इंजिन जिवंत ठेवायला उलट पेट्रोल द्यावे लागते. म्हणजे न्यूट्रलला उतरणारा माणूस पेट्रोल जास्त जाळतो आणि इंजिन ब्रेकिंगही गमावतो. सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात, आणि वळणावर ऐनवेळी दगा देतात. वरंध्यात किंवा आंबेनळीत त्याची किंमत पेट्रोलच्या दरात मोजता येत नाही. घाट गिअरमध्येच उतरावा.

मागचे चाक हाताने फिरवून पाहा

ॲव्हरेज पडले की लोक इंजिनाला दोष देतात. आडवाटेच्या गाड्या हाताळणारे मेकॅनिक आधी दुसरीकडे बघतात. कोकणातून फिरून आलेली अशी एक गाडी उघडताना मी शेजारी बसून पाहिली आहे. मेकॅनिकने गाडी स्टँडवर घेतली, न्यूट्रलला टाकली आणि मागचे चाक हाताने झटका देऊन फिरवले. ते दोन फेऱ्यांच्या आत थांबले. कॅलिपर खोलला तर पिस्टनच्या कडेला जांभ्याची लाल माती चिखल होऊन वाळलेली. पॅड डिस्कला कायम चाटत होते. ते साफ करून, ग्रीस लावून परत बसवले आणि पुन्हा झटका दिला, तेव्हा चाक निवांत फिरत राहिले. मग एअर फिल्टर बाहेर काढला. कागदाच्या घड्यांत इतकी धूळ होती की बोटाने रेघ ओढता येत होती. शेवटी चेन पाहिली. ती कोरडी, काही कड्या आखडलेल्या, स्प्रॉकेटवरून जाताना उड्या मारत होती.

यात इंजिनाचा काही संबंध नव्हता. तरी ती गाडी कित्येक दिवस ब्रेक लावून, नाक दाबून धावत होती. यात टायरमधल्या हवेची भर घाला. मातीत पकड मिळावी म्हणून हवा उतरवतात, ते योग्यच आहे. पण डांबरावर आल्यावर पुन्हा भरायचा कंटाळा करतात. कमी हवेचा टायर जास्त चेपतो, जास्त तापतो आणि ते सगळे पेट्रोलमधून वसूल करतो. छोटा हातपंप आणि हवा मोजायचा गेज सोबत ठेवणे हा या छंदातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फायद्याचा खर्च आहे.

मोजायचे कसे

टाकी फुल करायची, चालवायची, पुन्हा फुल करायची, किलोमीटर भागिले लिटर. पद्धत बरोबर आहे, घोळ फुल या शब्दात होतो. समजा ३०० किलोमीटरला १० लिटर लागले, म्हणजे ३०. आता पहिल्यांदा गाडी साइड स्टँडवर तिरकी होती आणि दुसऱ्यांदा सरळ, किंवा पंपावरच्या मुलाने राउंड फिगरसाठी थोडे जास्त घातले, आणि अर्धा लिटर इकडचे तिकडे झाले. आकडा एकदम साडेअठ्ठावीस तरी होतो नाहीतर साडेएकतीसच्या वर जातो. तीनाचा फरक, आणि गाडीने काहीच केलेले नाही!

म्हणून गाडी दर वेळी सरळ उभी करावी, नळी आपोआप बंद होते तो पहिला कट धरावा आणि तिथेच थांबावे. गळ्यापर्यंत भरण्याचा हट्ट धरू नये. पेट्रोल उन्हात फुगते, आणि बीएस-६ गाड्यांत टाकीची वाफ शोषणारा कोळशाचा डबा असतो, त्यात पेट्रोल शिरले तर तो बिघडतो. एका टाकीवर निष्कर्ष काढू नये. जितक्या जास्त टाक्यांची बेरीज, तितकी भरण्यातली चूक विरघळते. ओडोमीटरही एकदा जीपीएसशी ताडून पाहावा. टायर बदलल्यावर तर नक्कीच.

सरासरी काढताना होणारी चूक याहून महत्त्वाची आहे. समजा १५० किलोमीटर हायवेवर गाडीने ४० दिले आणि पुढचे १५० किलोमीटर कच्च्या रस्त्यावर २४. बरेच जण म्हणतील, सरासरी ३२. पण हायवेला पावणेचार लिटर गेले आणि कच्च्याला सव्वासहा, एकूण १० लिटर. म्हणजे खरी सरासरी ३०. वाईट रस्ता बेरजेत नेहमी आपल्या वाट्यापेक्षा जास्त वजन खातो. गाडीच्या स्क्रीनवर दिसणारा उरलेल्या अंतराचा आकडाही याच कारणाने फसवतो. तो नुकत्याच कापलेल्या रस्त्यावरून पुढचे भाकीत करतो. डांबर संपून माती सुरू झाली की ते भाकीत झरझर खाली येते. तेव्हा डायरीत नुसता आकडा लिहू नका. त्याच्यापुढे रस्ता कसा होता, वेग किती, मागे कोण होते, सामान किती, हे चार शब्दांत लिहा. वर्षभरात तुमच्या गाडीचा जो तक्ता तयार होईल, तो जगातल्या कुठल्याही परीक्षणात मिळणार नाही.

टाकीतला ऊस

टाकीत काय भरतो तेही आता बदलले आहे. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉलचा टप्पा देशाने २०२२ मध्ये गाठला आणि २०२५ मध्ये तो २० टक्क्यांवर गेला. या इथेनॉलचा मोठा वाटा उसातून येतो, आणि महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या आसवनींचा त्यात मोठा हात आहे. आपल्या शेतकऱ्याच्या उसाला दुसरे गिऱ्हाईक मिळाले, आयात तेलावरचा भार हलका झाला, याचे मोल आहे. पण एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. म्हणून २० टक्के मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या दुचाकींचे ॲव्हरेज तीन ते चार टक्के घटेल असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच होता. नव्या मिश्रणासाठी खास जुळवलेले इंजिन इथेनॉलच्या जास्त ऑक्टेनचा उपयोग करून काही भाग भरून काढू शकते. जुन्या गाडीला ती सोय नाही.

पस्तीस देणाऱ्या गाडीसाठी ही घट एक-सव्वा किलोमीटरची आहे. रोजच्या वापरात ती वाऱ्यात आणि ट्रॅफिकमध्ये हरवून जाते. लांबच्या टप्प्यावर मात्र ती धरूनच चालावे. शिवाय इथेनॉल पाणी ओढते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीतले जुने पेट्रोल घेऊन थेट मोहिमेवर निघू नये.

उंचीवर काय होते

लडाखच्या विरळ हवेत गाडी जास्त पेट्रोल पिते, असे छातीठोकपणे सांगितले जाते. कार्ब्युरेटरच्या गाडीपुरते ते खरे आहे. कार्ब्युरेटरला हवा विरळ झाल्याचे कळत नाही, तो पूर्वीच्याच मापाने पेट्रोल सोडतो आणि मिश्रण घट्ट होते. प्लग काळा पडतो, गाडी गुदमरते. २०१९ ची एक्सपल्स कार्ब्युरेटर आणि इंजेक्शन अशा दोन्ही रूपांत आली होती, तेव्हा जुनी गाडी घेणाऱ्याने ते पाहून घ्यावे. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हवेचा दाब मोजतो आणि पेट्रोल त्या प्रमाणात कमी करतो. ताकद घटते, ॲव्हरेज फारसे नाही. उलट साडेचार हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही कमी असते, त्यामुळे वाऱ्याचा विरोध तितकाच हलका होतो, आणि रस्ता तसाही वेगाने जाऊ देत नाही. चांगल्या डांबरावर या गाड्या तिथे सुखद आकडे देतात.

घात होतो तो दुसऱ्याच गोष्टींनी. दरड कोसळून थांबलेली रांग, वाढलेला नाला, मोरे मैदानावरून त्सो कारकडे घेतलेले वळण, बंद रस्त्यामुळे मागे फिरावे लागणे. म्हणून टाकीचा दहावा हिस्सा हिशेबातून वगळावा आणि उरलेल्याला आपल्या वहीतल्या सर्वांत वाईट आकड्याने गुणावे. एक्सपल्सचे ११.७ लिटर आणि वाईटात वाईट ३० धरले तर ३५१ किलोमीटर येतात. तांदीच्या पाटीने धरला नसला तरी लेहच्या साधारण ३५ किलोमीटर अलीकडे कारूला पंप आहे, पण त्यावर विसंबून निघण्यापेक्षा दोन लिटर जादा न्यावे. हे पेट्रोल पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत कदापि नेऊ नये. त्यासाठी बनवलेला, घट्ट झाकणाचा कॅन घ्यावा आणि तो सायलेन्सरपासून लांब बांधावा.

मागणी

गेल्या काही वर्षांत आडवाटेला निघणारी मुले-मुली वाढली, याचा मला मनापासून आनंद आहे. अशा गाडीवरून सह्याद्री पाहिलेला माणूस आपल्या मुलखाशी वेगळ्या नात्याने बोलतो. त्यांच्यासाठी गाडी बनवणाऱ्यांकडे एक मागणी आहे. एका ढोबळ आकड्याऐवजी माहितीपत्रकात ताशी ६०, ८० आणि १०० या स्थिर वेगांचे तीन आकडे छापा. हे मोजायची साधने कंपन्यांकडे आहेत, चाचणी संस्थांकडेही आहेत. कुठल्या वेगाला काय किंमत पडते हे गिऱ्हाइकाला विकत घेतानाच कळले, तर तो गाडीवर खोटी आशा ठेवणार नाही आणि गाडीला खोटी नावेही ठेवणार नाही. तोवर प्रत्येकाने स्वतःची वही ठेवावी, आणि कुणी ॲव्हरेज विचारले की आकड्याआधी रस्ता सांगावा.